समुद्र बघायला येताय? आधी तिथी बघा



आज कर्जाचा विषय नाही, औषधपाण्याचा नाही, बी-बियाण्याचाही नाही. आज सहलीबद्दल बोलायचंय. तुमच्या बचत गटातल्या पंधरा-वीस बायका, त्यांची पोरंसोरं, दोन-चार म्हाताऱ्या सासवा, असं सगळं लटांबर घेऊन समुद्र बघायला यायचं झालं, तर ते कसं यावं, एवढंच सांगणार आहे.

मी परळला राहते. आमच्या परळ, लालबाग, दादर, गिरगाव भागात गावाकडच्या बायका वर्षभर येत असतात. कुणी लालबागच्या राजाला येतात. कुणी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येतात. कुणी केईएममध्ये नाहीतर टाटा हॉस्पिटलात घरच्या माणसाला घेऊन येतात. पुष्कळजणींनी समुद्र पहिल्यांदा बघितलेला असतो तो अशाच गडबडीत, गर्दीत, किंवा डोक्यावर काळजी असताना. समुद्र बघायचा, पाय भिजवायचे आणि दोन घटका बसायचं, एवढ्यासाठीच आलेली बाई मात्र थोडी. आणि आली तरी ती बसत नाही. पोरं पाण्यात गेली म्हणून धावते, पिशव्या राखते, डबे उघडते, डबे धुते. घरी गेल्यावर विचारलं, ‘कसा होता गं समुद्र?’ तर म्हणते, ‘मोठा होता.’

तिला निवांत बसता यावं म्हणून हे भाषण. माझ्या मते ते एका गोष्टीवर अडलेलं आहे. समुद्र कधी पुढं येतो आणि कधी मागं जातो हे जिला ठाऊक असतं, तिला कुठं बसायचं, पोरांना कुठं सोडायचं, कधी उठायचं हे कळतं. जिला ठाऊक नसतं ती दिवसभर ओरडत फिरते. आणि ही माहिती काही अवघड नाही. ती तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढलं की भरती, उतरलं की ओहोटी. भरतीपासून ओहोटीला सव्वासहा तासांच्या आसपास लागतात, मग पुन्हा तितक्याच वेळात भरती. हे सगळं चंद्राच्या ओढीनं होतं, सूर्याचीही थोडी ओढ असते. चंद्र रोज पाऊण-पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. आपली तिथी चंद्रावरून ठरते. म्हणजे तिथी कळली की भरती कळली.

आमच्याकडचे कोळी आणि कोकणातली जुनी माणसं यासाठी एक सोपा हिशेब करतात. तिथीची पाऊणपट करायची. आज दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी आणि रात्री साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा धरायचे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. म्हणून सहलीची तारीख ठरवायला हा हिशेब वापरायचा आणि त्या दिवशीची पक्की वेळ वर्तमानपत्रात, मोबाइलवर किंवा किनाऱ्यावरच्या माणसाला विचारून घ्यायची.

पाण्याची उंचीही तिथीवर असते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी फार वर चढतं आणि तितकंच लांब मागं जातं. त्याला उधाणाची भरती म्हणतात. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं, कमी उतरतं. ती भांगाची भरती. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्याही वर जातं. साडेचार मीटर म्हणजे पंधरा फूट झाले, आपल्या घराच्या पत्र्याच्याही वर.

याचं उदाहरण साऱ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलंय. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. लालबागचा राजा रात्रभर मिरवून दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचला. तो दिवस पौर्णिमेचा. हिशेब आता तुम्हीच करा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी मूर्ती आली तेव्हा पाणी चढत होतं, तेही उधाणाचं. मूर्ती तराफ्यावर घेता येईना. ओहोटीची वाट बघावी लागली, मग तराफा तरंगण्यासाठी पुन्हा पाणी चढण्याची. विसर्जन झालं ते रात्री. लाखो माणसं, पोलीस, कार्यकर्ते, दोर, यंत्रं सगळं हजर असताना राजालासुद्धा समुद्राची वेळ पाळावी लागली. मग आपली काय कथा?

आता परदेशातलं बघू. स्पेन नावाच्या देशात समुद्रकाठी गावंच्या गावं सुट्टीसाठी वसलीत. पूर्वी मासेमारीवर जगणारी वस्ती, आता उन्हाळ्यात घरंच्या घरं तिथं मुक्कामाला येतात. छत्र्या रोवून आई-बाप बसलेत, पोरं वाळूत खेळताहेत, असली चित्रं आपण बघतो आणि वाटतं, समुद्र म्हणजे असाच. पण त्यातली पुष्कळ गावं भूमध्य समुद्रावर आहेत आणि त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी थोडंसं वरखाली होतं, इतकंच. सकाळी रोवलेली छत्री संध्याकाळीही कोरडी. आपल्याकडं सकाळी जिथं चटई अंथरली तिथं दुपारी कमरेएवढं पाणी असू शकतं. त्यांच्याकडून घेण्यासारखं काय असेल तर झेंडे. किनाऱ्यावर हिरवा झेंडा असला तर पाण्यात जा, पिवळा असला तर जपून, लाल असला तर जायचंच नाही. तिथलं शाळकरी पोरही हे ओळखतं. मुंबईच्या चौपाट्यांवरही जीवरक्षक असतात आणि धोका असला की लाल झेंडा लावतात. लाल झेंडा दिसला की हुज्जत घालायची नाही. शिट्टी वाजली की बाहेर.

आता सहल आखू. दोन दिवसांची. एक दिवस अलिबागचा, एक मुंबईचा. अलिबाग आधी अशासाठी की मुंबईत वीस बायकांच्या मुक्कामाची सोय परवडत नाही. तुमचा मुंबईतला भाऊ किंवा दीर कितीही मायेचा असला तरी त्याची खोली दहा बाय बाराची आहे. अलिबाग, वरसोली, नागाव, आक्षी या भागात घरगुती राहण्याची सोय मिळते, जेवण घरचं असतं. जागा ठरवताना तीन प्रश्न विचारायचे. संडास-बाथरूम किती? रात्री पाणी असतं का? खोलीला आतून कडी आहे का? भाडं त्यानंतर.

काळ निवडायचा दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा. पावसाळ्यात समुद्राकाठी सहल नको. नारळी पौर्णिमेच्या आधी कोळीही होडी घालायला बघत नाही, तिथं आपण पोरं घेऊन कशाला जायचं? ३१ डिसेंबरचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्याही टाळा. गर्दी दुप्पट आणि भाडंही दुप्पट.

तिथी म्हणाल तर पंचमी आणि षष्ठीची जोडी मला बरी वाटते. उधाण ओसरलेलं असतं. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी चारच्या सुमाराला भरती आणि सकाळी दहाच्या आसपास ओहोटी. आदल्या रात्री एसटीनं निघून सकाळी अलिबागला पोचलात की ओहोटी हातात मिळते. ती का लागते, तर कुलाबा किल्ल्यासाठी.

हा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभा आहे. शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू करवलं आणि पुढं कान्होजी आंग्र्यांनी इथून समुद्रावर दरारा बसवला. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, भरतीला पायवाट पाण्याखाली जाते. दर वर्षी कुणी ना कुणी वर फोटो काढत रमतं आणि खाली येतं तो रस्ता नाहीसा झालेला असतो. म्हणून नियम असा : पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघायचं आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात परत किनाऱ्यावर. दहाची ओहोटी असेल तर साडेआठला जायचं, अकराला माघारी. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला नाहीतर टपरीवाल्याला विचारायचं, ‘दादा, आज पाणी किती हटलंय?’ गुडघ्याच्या वर सांगितलं तर चालत जायचं नाही. म्हाताऱ्या माणसांना घोडागाडीतच बसवा. ज्यांना जायचं नाही त्यांनी काठावर बसावं, किल्ला तिथूनही छान दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव्याला यायचं आणि लाँचनं मुंबईला. तासाभराचा पाण्यावरचा प्रवास. कित्येकजणींना सगळ्या सहलीत हाच आवडतो. अलिबाग ते मांडवा बसचं भाडं बहुतेक लाँचच्या तिकिटातच धरलेलं असतं, तिकीट काढताना विचारून घ्या. लाँच गेटवेला लागते. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी मोठी रो-रो बोटही आहे, तिच्यात गाड्यासुद्धा चढवतात.

बोटीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्यायचं. लाज वाटू द्यायची नाही. भाऊच्या धक्क्याचं नाव घेतलं की आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून ‘रामदास’ बोट आठवते. १७ जुलै १९४७ ला ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडं निघाली. गटारी अमावास्येचा सण तोंडावर होता, मुंबईत काम करणारी माणसं गावाकडं चालली होती. वादळी पावसात बोट उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. ही जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. सहलीचा दिवस, निवळलेला समुद्र, आणि बोटीतल्या पुष्कळांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. पण सक्ती असो नसो, आपण मागायचं. आधी पोरांना घालायचं, पट्टे आवळायचे आणि मग समुद्र बघायचा.

गेटवेहून चर्चगेट स्टेशनला या आणि दुपारीच लोकलनं दादरला जा. लोकलच्या डब्यात चढताना गट फुटतो, म्हणून पाच-पाच जणींच्या तुकड्या करा. प्रत्येक तुकडीच्या एकीला उतरायच्या स्टेशनाचं नाव पाठ असलं पाहिजे. कुणी मागं राहिलंच तर तिनं तिथंच फलाटावर थांबायचं, इकडंतिकडं फिरायचं नाही. दादर पश्चिमेला बाजारातून चालत शिवाजी पार्क आणि तिथून चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर इथं अंत्यसंस्कार झाले. सहा डिसेंबरच्या गर्दीत जिथं दोन मिनिटं उभं राहता येत नाही, तिथं एरवी शांत बसता येतं. मागंच समुद्र आहे. डबे शिवाजी पार्कच्या झाडाखाली खा.

चारच्या सुमाराला दादरहून चर्चगेटकडं जाणारी धिमी लोकल धरा आणि चर्नी रोडला उतरा. त्या वेळी त्या बाजूला गर्दी कमी असते, सगळी मुंबई उलट दिशेनं घरी निघालेली असते. चर्नी रोडच्या पश्चिमेला गिरगाव चौपाटी. लोकमान्य टिळकांवर १ ऑगस्ट १९२० ला इथंच अंत्यसंस्कार झाले, त्यांचा पुतळा तिथं आहे. पोरांना पुस्तकातले टिळक तिथं दाखवा. षष्ठीची भरती साडेचारला, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा पाणी काठोकाठ असेल आणि सूर्य बुडेपर्यंत हळूहळू मागं सरत जाईल. मग भेळ घ्या, बसा, सूर्य पाण्यात जाताना बघा. मरीन ड्राइव्हवर गेलात तर कठड्यापलीकडं सिमेंटचे मोठे ठोकळे आहेत. त्यांच्यावर पोरांना उतरू देऊ नका. ते शेवाळानं निसरडे असतात आणि फटीत पाय गेला तर निघत नाही. साडेपाच ते साडेआठ लोकलनं उत्तरेकडं जाण्याचा विचारही करायचा नाही, लेकरांचा चेंदामेंदा होईल. साडेआठनंतर निघा. मुंबई सेंट्रलचा एसटी डेपो तिथून दोनच स्टेशनांवर आहे. रेल्वेनं जाणाऱ्यांनी दादर गाठावं.

आता पाण्यातले नियम. हे पोरांना गावातच, शाळेतल्यासारखे पाठ करून घ्या.

गिरगाव आणि दादरच्या पाण्यात आंघोळ नाही. शहराचं सांडपाणी समुद्रात जातं. पाय भिजवायचे, तेही चप्पल घालून. २०१३ साली गणपती विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकट मासा आणि जेलीफिश यांच्या दंशानं कितीतरी माणसं जखमी झाली होती. जेलीफिश लागली तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं. पाकटाचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायचा. दोन्ही वेळा पुढं दवाखाना गाठायचाच.

कुठंही असा, पाणी गुडघ्याला लागलं की थांबायचं. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि भिजलेली साडी इतकी जड होते की पोहता येणारीही पडते. नदीत, विहिरीत पोहणाऱ्या पोरांना जास्त जपा. त्यांना वाटतं, आपल्याला येतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. शिकलेली, तरणी मुलं होती.

कुणी ओढलं जाताना दिसलं तर मागं उडी मारायची नाही. आईचं काळीज उडी मारतं, ठाऊक आहे मला. पण अशानं दोन जीव जातात. ओरडा, जीवरक्षकाला बोलवा, तरंगणारा रिकामा कॅन फेका. साडी किंवा दोर फेकायचा तर काठावर पाय रोवून, मागून दोघींनी आपल्याला धरून. ११२ ला फोन करा. आणि पोरांच्या हातावर घरातून निघतानाच पेनानं तुमचा मोबाइल नंबर लिहून ठेवा, म्हणजे हरवलं तरी सापडेल.

पोरांवर नजर ठेवायला पाळ्या लावा. पाण्याशी एका वेळी चौघीजणी उभ्या, अर्ध्या तासानं दुसऱ्या चौघी. ज्यांची पाळी नाही त्यांनी पाण्याकडं पाठ करून गप्पा मारल्या तरी चालतील. सगळ्याजणी सगळ्या पोरांकडं बघतात तेव्हा कुणीच कुणाकडं बघत नसतं.

आता ज्या गोष्टीवर बायकांची सहल खरी अडते ती बोलू. संडास. बाई प्रवासाला निघाली की सकाळपासून पाणी प्यायचं बंद करते. उन्हात, खाऱ्या वाऱ्यात दिवसभर पाणी न पिता फिरलं की चक्कर येते, लघवीची जळजळ होते. हे सोसू नका. आमच्या मुंबईत बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हे का, असा सरळ प्रश्न विचारला. नगरपालिकेच्या दारात गेल्या, पाहण्या केल्या. तर तुम्हीही विचारा. स्टेशनवर, धक्क्यावर, चौपाटीवर पोचलं की पहिलं काम संडास कुठं आहे ते बघणं. सुटे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. कुणाची पाळी आली असेल तर तिला घरी ठेवू नका, जादा घड्या किंवा पॅड आणि जुन्या कागदाच्या पिशव्या गटाच्या सामानात घाला. वापरलेलं वाळूत पुरायचं नाही, समुद्रात टाकायचं नाही.

आणि स्वयंपाक. आमचा भाग म्हणजे गिरणगाव. इथं गिरण्यांतल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. पहाटे उठून वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या, दोन्ही वेळा, पाळीप्रमाणे. गिरणीच्या माणसाला आठवड्याची सुट्टी होती, खानावळवालीला नव्हती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठं त्यांच्या कष्टाला बँकेच्या दारात किंमत आली. मला सांगायचंय ते इतकंच की सहलीला जाऊनही वीस माणसांचं रांधायचं असेल तर ती बाईची सुट्टी नव्हे. निघताना धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सुकी भाजी, असं एका वेळेचं न्या. बाकी जेवण मुक्कामाच्या घरी विकत घ्या. त्या घरातल्या बाईला दोन पैसे मिळतील आणि आपल्याला आयतं ताट.

पैशाचं कसं? गटाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी कर्ज काढायचं नाही. वेगळा डबा करा. दर महिन्याला प्रत्येकीचे पन्नास रुपये, दहा महिने. वीसजणींचे दहा हजार होतात. उरलेलं निघताना घाला. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या माणसाला अर्धं आणि ७५ च्या वर पूर्ण मोफत, आधार कार्ड मात्र जवळ हवं. स्वतंत्र गाडी ठरवणार असाल तर तिचा हिशेब वेगळा असतो, तो डेपोत विचारा. पैसे दोघींकडं विभागून द्या आणि रोज रात्री वहीत खर्च लिहा, म्हणजे परतल्यावर कुरबुर नाही.

घरचे म्हणतील, ‘बायकाबायकाच कशा जाणार? कुणी पुरुष माणूस न्या बरोबर.’ नेलात तर हरकत नाही, पण त्यानं सांगितलं म्हणून गुडघ्यापुढं जायचं नाही. समुद्राची वेळ तुम्हाला माहीत असली, परतीची वेळ वहीत लिहिलेली असली, मुक्कामाच्या घराचा नंबर घरी दिलेला असला, तर बोलणाऱ्यालाही विश्वास येतो. ‘जाऊ का?’ असं विचारण्यापेक्षा ‘पंचमीला सकाळी दहाची ओहोटी धरून जातोय, सप्तमीला सकाळी घरी’ असं सांगून बघा. ऐकणारा गप्प होतो.

तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मधोमध ठेवा आणि दिवाळीनंतरच्या पंचमी-षष्ठ्यांवर खुणा करा. ज्यांना तिथीची पाऊणपट जमते त्यांनी बाकीच्यांना शिकवा, पोरांनाही बसवा, पाऊणकीचा पाढा आपोआप होईल. आणि सहलीच्या डब्यात पहिले पन्नास रुपये त्याच दिवशी टाका. ज्या म्हाताऱ्या ‘आता आम्हाला कशाला समुद्र’ म्हणतील त्यांची नावं यादीत सगळ्यात वर लिहा.

या मैत्रिणींनो. चौपाटीवर बसायला तिकीट नाही.